तारे पुन्हा लांबट आले? माउंटला हात लावण्याआधी फोटो वाचा

गाइडिंगचा (छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या आधाराची, चाल सुधारत राहण्याचा) आलेख रात्रभर शांत होता. फोकस नेमका होता, वारा नव्हता. सकाळी पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम मोठ्या करून पाहिल्या, तर सगळे तारे एकाच दिशेला ताणलेले. पंधरा दिवसांपूर्वी हाच त्रास दूर झाल्यासारखा वाटला होता आणि आता तो परत हजर आहे.

घरून तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो काढणाऱ्यांना हे दुखणं पुन्हा पुन्हा छळतं, कारण यामागे एक कारण नसतं. निदान दहा-बारा कारणं असतात आणि लक्षण वरवर पाहता सारखंच. आपण अंदाजाने त्यातलं एक धरतो, बहुतेकदा पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे नेमका रोखणं. ती दोन तास खपून सुधारतो. नेमकं त्याच रात्री लक्ष्य बदललेलं असतं किंवा हवा अस्थिर असते, त्यामुळे तारे गोल येतात आणि आपण निश्चिंत होतो. मूळ दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. माझा जवळजवळ अख्खा मोसम असा गेला. म्हणून इथे उपायांपेक्षा निदानावर जास्त लिहितो आहे. तारा कोणत्या दिशेला ताणलाय, फ्रेममध्ये कुठे ताणलाय आणि वेळेनुसार त्यात काय बदल होतोय, एवढं पाहिलं की दोषी भाग बऱ्याचदा टेबलावर बसूनच सापडतो.

आधी विकलांमध्ये बोला

"तारे थोडे लांबट आहेत" असं म्हणून काही कळत नाही. तुमच्या फोटोतला एक पिक्सेल आकाशात किती विकला (अंशाचे ३६०० वे भाग) व्यापतो, ते काढा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने (फोकल लेंथने) भागा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ७५० मिमी नाभीय अंतर असेल तर उत्तर जवळजवळ १ विकला येतं. ४०० मिमीच्या छोट्या दुर्बिणीवर तोच कॅमेरा पिक्सेलमागे सुमारे १.९ विकला पाहतो. माउंट तेच आणि चूकही तीच, पण छोट्या दुर्बिणीवर ती निम्मी दिसते. दुर्बीण बदलल्यावर "माउंट बिघडला" असं वाटण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

आता एक जादा फोटो काढा. रोजच्या लक्ष्यावर दुर्बीण रोखा, ट्रॅकिंग (माउंटचं ताऱ्यांमागे फिरणं) बंद करा आणि १० सेकंदांचं एक्स्पोजर द्या. पृथ्वी सेकंदाला सुमारे १५ विकला फिरते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा १५० विकलांची स्वच्छ रेघ काढेल. ही रेघ म्हणजे तुमच्या फोटोतली पूर्व-पश्चिम, अर्थात विषुवांशाची दिशा. तिला काटकोनात असलेली दिशा क्रांतीची, म्हणजे उत्तर-दक्षिण. ही फ्रेम जपून ठेवा आणि कॅमेरा फिरवलात की नवी काढा. माझ्या मते या कामात सर्वात कमी खर्चात मिळणारी माहिती हीच, आणि तरीही बहुतेक जण ती घेत नाहीत.

यानंतर खराब फ्रेमचे चारही कोपरे आणि मध्यभाग शेजारी-शेजारी ठेवून पाहा. सगळीकडे ताण एकाच दिशेला आणि सारखाच असेल तर दोष हालचालीचा: माउंट, गाइडिंग, लवचिकता, वारा. मध्यभागी तारे गोल आणि कडेला ताणलेले असतील, किंवा एकच कोपरा बिघडलेला असेल, तर माउंटला हात लावू नका. तो दोष प्रकाशमार्गातला आहे.

ताण विषुवांशाच्या रेघेला समांतर असेल तर

गाइडिंग नसेल तर पहिला संशय वर्म गिअरवर, म्हणजे माउंटचं दातेरी चाक फिरवणाऱ्या स्क्रूवर. १४४ दातांचं चाक असेल तर वर्मची एक फेरी ५९८ सेकंदांत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत होते. १८० दातांचं असेल तर सुमारे आठ मिनिटांत. या फेरीत माउंट कधी किंचित पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. समजा चूक मध्यापासून १५ विकला इकडे, १५ विकला तिकडे आहे. फेरीच्या सर्वात वाईट टप्प्यात एका मिनिटाच्या फ्रेममध्येच तारा ९ विकलांहून जास्त सरकतो, आणि टोकाशी दिशा पालटताना जवळजवळ थांबतो. म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा फ्रेम चांगल्या आणि दोनदा वाईट. एक-एक मिनिटाच्या वीस फ्रेम ओळीने पाहिल्यात आणि चांगल्या-वाईटाची ही लाट नियमाने येत असेल, तर निदान झालं. इलाज म्हणजे गाइडिंग, किंवा ते शक्य नसेल तर छोटी एक्स्पोजर आणि खराब फ्रेम काढून टाकणं.

ही चूक लक्ष्याच्या क्रांतीवरही (खगोलीय विषुववृत्तापासून ते किती अंश दूर आहे यावरही) अवलंबून असते आणि "कालपर्यंत ठीक होतं" याचं उत्तर अनेकदा इथेच मिळतं. सप्तर्षीच्या बाजूची एम ८१ दीर्घिका ६९ अंश क्रांतीवर आहे. तिथे विषुवांशाची चूक फोटोत साधारण एक तृतीयांशच दिसते. मृग नक्षत्रातला एम ४२ तेजोमेघ विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंशांवर आहे, तिथे ती पूर्ण दिसते. एम ८१ वर महिनाभर सुंदर गोल तारे मिळाल्यानंतर एम ४२ वर आलात आणि तारे लांबले, तर माउंट बिघडलेला नाही. तो आधीपासून तसाच होता.

गाइडिंग चालू असूनही ताण विषुवांशातच असेल, तर आरएमएसचा (गाइडिंगमधल्या सरासरी चुकीचा) एकत्रित आकडा बाजूला ठेवा आणि दोन अक्षांचे आकडे वेगळे वाचा. विषुवांशात १.२ आणि क्रांतीत ०.५ विकला असेल तर एकत्रित आकडा १.३ येतो. तो खास नसला तरी भयंकरही वाटत नाही. पण तारा लांबट होतो तो या दोन आकड्यांतल्या तफावतीमुळे. हवेमुळे ताऱ्याची रुंदी ४ विकला झाली असेल तर या तफावतीने तारा रुंदीच्या १.२ पट लांब दिसतो, सहज खपून जातो. हवा स्थिर होऊन ती रुंदी २ विकलांवर आली की तोच तारा दीडपट लांब दिसतो. मोसमातल्या सर्वात छान रात्रीच हा त्रास उगवतो तो यामुळे. खराब हवेने दोष झाकलेला असतो.

इथे मला उपयोगी पडलेले बदल सांगतो. गाइड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर २ ते ३ सेकंद ठेवा. अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरवर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत सुटतो आणि स्वतःच चूक निर्माण करतो. तोल साधताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूने टेकलेले राहतात. आणि कॅलिब्रेशन (कोणत्या धक्क्याने तारा कुठे आणि किती हलतो ते गाइडिंगच्या प्रोग्रामला शिकवणं) याम्योत्तर वृत्ताजवळ, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ, विषुववृत्ताच्या आसपास करा. ध्रुवाजवळ केलेलं कॅलिब्रेशन रात्रभर चुकीचे धक्के देत राहतं.

एक साधी गोष्ट राहून जाते: ट्रॅकिंगचा वेग. चंद्राचे फोटो काढताना हँड कंट्रोलरवर चंद्राचा वेग निवडला आणि नंतर तो बदलायला विसरलो, असं माझं झालं आहे. चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे अर्धी विकला पूर्वेकडे सरकतो, म्हणजे मिनिटाला ३० विकलांहून जास्त. ती रेघ लगेच नजरेत भरते. सूर्याचा वेग राहून गेला तर मात्र मिनिटाला फक्त अडीच विकला सरक होते, आणि ती हुबेहूब पोलर अलाइनमेंटच्या चुकीसारखी भासते. दिवसा सौरडाग टिपून रात्री त्याच माउंटवर तेजोमेघ टिपणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

ताण क्रांतीच्या दिशेला असेल तर

आता पोलर अलाइनमेंटची पाळी. अक्ष ध्रुवबिंदूपासून ५ कला (एक कला म्हणजे ६० विकला) चुकला असेल तर क्रांतीतली सरक जास्तीत जास्त मिनिटाला १.३ विकला होते. तीन मिनिटांच्या फ्रेममध्ये सुमारे ४ विकला. गाइडिंगशिवाय ही चांगलीच दिसते. पण दोन्ही अक्षांवर गाइडिंग चालू असेल तर ही सरक गाइडर भरून काढतो. उरतं ते गाइड ताऱ्याभोवती होणारं क्षेत्राचं फिरणं, म्हणजे कोपऱ्यांत कंसासारखा ताण. म्हणून गाइडिंग नीट चालू असताना फ्रेमभर एकसारखा सरळ ताण येत असेल, तर पोलर अलाइनमेंटवर आणखी एक रात्र घालवू नका. माझ्या वाया गेलेल्या रात्रींपैकी बऱ्याच याच चुकीच्या होत्या, म्हणून जरा जोर देऊन सांगतो आहे.

अलाइनमेंट खरंच चुकली असेल तर लक्षात ठेवा, ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे. तो सुमारे ३८ कला बाजूला आहे. तो क्रॉसवायरच्या मधोमध आणणं म्हणजे तेवढी चूक हाताने घालणं. घराच्या भिंतीआड किंवा झाडामागे ध्रुवतारा दिसतच नसेल तर जुनी ड्रिफ्ट पद्धत अजूनही उत्तम चालते. उत्तर गोलार्धात, याम्योत्तर वृत्ताजवळचा आणि विषुववृत्तालगतचा तारा पाहा. तो दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष पूर्वेला झुकलाय, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला. मग पूर्वेकडचा, क्षितिजापासून थोडा वर असलेला तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर.

क्रांतीत अधूनमधून, काही फ्रेममध्येच ताण येत असेल तर गिअरमधला ढिलेपणा बघा. दुरुस्तीची दिशा उलटली की मोटर काही सेकंद नुसतीच फिरते, तारा हलत नाही, आणि मग एकदम उडी मारतो. सरक कायम एकाच दिशेला होत असेल तर क्रांतीचं गाइडिंग फक्त तिच्याविरुद्धच्या एका दिशेपुरतं चालू ठेवणं हा झटपट उपाय आहे.

ताण तिरका, आणि गाइडिंग निर्दोष

माझी खरी गोष्ट इथली. पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये साधारण ४ विकलांचा ताण, विषुवांशाशी तिरका, क्रांतीशीही तिरका. आलेख स्वच्छ, दोन्ही अक्षांवर ०.६ च्या आसपास. लक्ष्य आकाशात सरकत गेलं तशी ताणाची दिशाही हळूहळू वळायची. हे डिफरेन्शियल फ्लेक्शर, म्हणजे मुख्य दुर्बीण आणि गाइड स्कोप (गाइड कॅमेऱ्याची छोटी दुर्बीण) एकमेकांच्या सापेक्ष वाकणं. गाइडर आपलं काम चोख करतो, पण तो सांभाळतो ते गाइड कॅमेऱ्यातल्या ताऱ्याला. मुख्य कॅमेऱ्यात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

हे सिद्ध करायची माझी पद्धत अशी. डिदरिंग (फ्रेमच्या मधल्या वेळेत दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) बंद करून तासभर फ्रेम घेतल्या आणि त्या एकमेकींवर न जुळवता चित्रपटासारख्या भराभर पुढे सरकवून पाहिल्या. अख्खं तारांगण एका दिशेला संथपणे वाहत होतं. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममधलं अंतर मोजलं तर ४८ विकला. तासात पाच मिनिटांच्या बारा फ्रेम, म्हणजे फ्रेमला ४ विकला. प्रत्येक ताऱ्यात दिसणारा ताण नेमका तेवढाच होता. हे दोन आकडे जुळले की शंकेला जागा राहत नाही. गाइडिंग असताना ते जुळले नाहीत, तर दुसरं कारण शोधा.

४८ विकला म्हणजे प्रत्यक्षात किती? २४० मिमी नाभीय अंतराच्या गाइड स्कोपमध्ये कॅमेरा तासाभरात फक्त ०.०५६ मिमी खाली बसला की एवढी सरक होते. साध्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढी हालचाल! डोळ्याला ती दिसणं शक्यच नाही. म्हणून पुढची चाचणी हाताने करायची. मुख्य कॅमेऱ्यावर आणि गाइड कॅमेऱ्यावर एकेक तेजस्वी तारा थेट दृश्यात ठेवा. गाइड स्कोपच्या मागच्या टोकाला एका बोटाने, टाचणी टोचावी इतक्या हलक्या हाताने दाबा आणि सोडा. तारा हलून परत मूळ जागी आला तर ठीक. मुख्य कॅमेऱ्यातला तारा जागेवर, पण गाइड कॅमेऱ्यातला थोडा बाजूला जाऊन तिथेच राहिला, तर सांधा ढिला आहे. हीच चाचणी मुख्य फोकसरवर, कॅमेऱ्याच्या नळीवर आणि खालच्या पट्टीवर करा. माझ्याकडे दोष निघाला गाइड स्कोपच्या कड्यांत. प्रत्येकी तीन स्क्रू, टोकाला नायलॉन. कितीही आवळले तरी नायलॉन हळूहळू दबत राहायचं आणि नळीचा कोन बदलत जायचा. त्या जागी नळीला सर्व बाजूंनी पकडणारी धातूची कडी बसवली आणि सरक तासाला ५ विकलांवर आली.

मुख्य दुर्बीण हलत्या आरशाची (आरसा पुढे-मागे सरकवून फोकस होणारी) असेल तर कडी बदलून पूर्ण समाधान होणार नाही, कारण आरसाच आपल्या जागी किंचित कलतो. तिथे ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर हा पक्का इलाज आहे: गाइड कॅमेरा मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून तारा घेतो, त्यामुळे वाकणं दोघांना सारखंच दिसतं. तोवर निभवायचं असेल तर एक्स्पोजर छोटं करा. पाच मिनिटांऐवजी एका मिनिटाची फ्रेम घेतली की ४ विकलांचा ताण ०.८ वर येतो. कमी रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा गोंगाट) असलेल्या आजच्या सीमॉस कॅमेऱ्यांना एवढं छोटं एक्स्पोजर सहसा पुरतं. डिदरिंग मात्र परत चालू करा. नाहीतर याच संथ सरकीमुळे स्टॅक केलेल्या (अनेक फ्रेम एकावर एक जुळवून केलेल्या) चित्राच्या पार्श्वभूमीवर पावसाच्या तिरप्या सरींसारखे पट्टे उमटतात.

एखादीच फ्रेम बिघडते तेव्हा

वारा, लोंबणारी केबल, आणि घरातली पावलं. गच्चीवर किंवा बाल्कनीत तिपाई असेल तर शेजारून चालत गेलेला माणूसही पुरतो. फ्रेमची वेळ आणि गाइडिंगचा लॉग जुळवून पाहा, त्या क्षणी टोक दिसेल. केबल सगळ्या एकत्र बांधून माउंटच्या अक्षांजवळून आणा आणि दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे पूर्ण फिरवून कुठे ओढ बसते ते दिवसाउजेडीच तपासून घ्या.

कडेला किंवा कोपऱ्यात ताण असेल तर

न्यूटोनियन दुर्बिणीत तारे मध्यापासून बाहेर पसरणाऱ्या छोट्या धूमकेतूंसारखे दिसत असतील तर तो कोमा आहे. त्यावर करेक्टर, म्हणजे तो सुधारणारं भिंग, लागतं. करेक्टर किंवा फ्लॅटनर (कडेपर्यंत सारखा फोकस देणारं भिंग) लावूनही चारही कोपरे सारखेच बिघडत असतील तर सेन्सरपर्यंतचं अंतर चुकलंय. बऱ्याच करेक्टरना ५५ मिमी लागतात, पण आपल्या करेक्टरचा आकडा पाहूनच घ्या. फिल्टर वापरत असाल तर त्याच्या जाडीच्या एक तृतीयांश अंतर वाढवावं लागतं: २ मिमीच्या काचेला सुमारे ०.७ मिमी. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या घालून कोपरे कुठल्या बाजूला सुधारतात ते बघत जा.

एकच कोपरा किंवा एकच बाजू वाईट असेल तर कुठेतरी कल आहे. कॅमेरा नळीत १८० अंश फिरवून पुन्हा फोटो घ्या. वाईट कोपरा चित्रात त्याच जागी राहिला तर सेन्सर कललेला आहे. समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष फोकसरमध्ये किंवा त्याच्या पुढे.

आणि फोकसच्या आत तारा एका दिशेला लांब, बाहेर नेल्यावर काटकोनात लांब दिसला तर ती दृष्टिवैषम्याची (अ‍ॅस्टिग्मॅटिझमची) खूण आहे. ताऱ्यांना त्रिकोणी आकार आला असेल तर आरशाच्या किंवा भिंगाच्या पकडी फार आवळल्यात. बर्‍याच दुर्बिणींना हे फक्त थंडीत होतं, कारण धातू आकसतो. पकड अशी सैल करा की आरसा खडखडणार नाही आणि दबणारही नाही.

ग्रहांवर

ग्रहांच्या फोटोंत हजारो अतिलघु फ्रेम असतात, त्यामुळे माउंटची चूक सहसा दिसत नाही. तिथे तपशील फासल्यासारखे होतात ते दोन वेगळ्या कारणांनी. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. त्याचं बिंब ४५ विकलांचं असताना मध्यभागातला ठिपका मिनिटाला सुमारे ०.२४ विकला सरकतो, म्हणून मोठ्या दुर्बिणीवर तीन मिनिटांचा व्हिडिओही लांबच ठरतो. छोटे व्हिडिओ घ्या किंवा नंतर डी-रोटेशन करा, म्हणजे ग्रहाचं फिरणं संगणकावर भरून काढा. दुसरं कारण वातावरणाचं: ग्रह खाली असेल तर निळी कड क्षितिजापासून दूरच्या बाजूला आणि तांबडी कड क्षितिजाकडे दिसते. बिंब उभं ताणलं जातं. ग्रह वर चढेपर्यंत थांबणं सर्वात चांगलं, नाहीतर एडीसी (हे फाकलेले रंग परत जुळवणारी लोलकांची जोडी) लावा. हीच रंगीत कड खाली असलेल्या ताऱ्यांनाही येते आणि माउंटची चूक समजून फसवते. लाल आणि निळा चॅनल वेगळा पाहिलात की ते दोन्ही गोल, फक्त एकमेकांपासून सरकलेले दिसतात.

काढून झालेल्या फ्रेमचं काय

सगळ्या टाकू नका. स्टॅकिंगच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फ्रेमची विकेंद्रता (तारे किती लांबट आहेत याचा आकडा, ० म्हणजे गोल) मोजून मिळते. ०.६ म्हणजे ताऱ्याची रुंदी लांबीच्या ०.८ पट. ०.५ पर्यंतचा ताण डोळ्याला जवळजवळ जाणवत नाही, त्या फ्रेम बिनधास्त ठेवा. ०.६ च्या वरच्या फ्रेम मी तारकागुच्छासाठी वगळतो. पण अंधूक तेजोमेघासाठी प्रकाश जास्त मोलाचा असतो, तिथे ०.६५ पर्यंतच्याही ठेवतो आणि तारे वेगळ्या, छोट्या एक्स्पोजरमधून घेतो. वगळलेल्या फ्रेमही लगेच पुसू नका. पुढच्या वेळी ताण परत आला की दिशा ताडून बघायला त्याच लागतात.